पंच्याऐंशी पौंडांचं पुस्तक नेमकं विकत घेतं कोण?

तळटीप (धागाकर्ती)

नऊ वर्षं झाली, मी पुण्यात बसून इंग्लंडचा इतिहास तपासते. इतिहासकार वगैरे नाही हो मी. ब्रिटिश विद्यापीठीय प्रकाशनांची पुस्तकं छपाईला तयार करायचं काम इथल्या एका कंपनीत चालतं, तिथे कॉपीएडिटर आहे. लेखक यॉर्क नाहीतर एडिंबराला, प्रकाशक लंडनला, टाइपसेटिंग चेन्नईत आणि मधली मी कोथरूडला. पहिल्या चार्ल्सच्या दरबारातली माणसं मला आमच्या सोसायटीतल्या माणसांपेक्षा जास्त ओळखीची आहेत. लंडन अजून पाहिलेलं नाही.

धागा काढायचं कारण म्हणजे परवा हातावेगळं केलेलं एक पुस्तक. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधली तीन-चार खेडी आणि तिथली लग्नं, बारसी, कज्जे. (तपशील मुद्दाम थोडे बदललेत.) अकराशेच्या वर तळटिपा. त्यात एका जोडप्याचं लग्न मे १६४० मध्ये आणि मुलाचा बाप्तिस्मा मार्च १६४० मध्ये. यावर लेखकाने अख्खा परिच्छेद लिहिला होता की मूल लग्नाआधी झालं, तरी गावाने चालवून घेतलं, वगैरे.

मी दोनदा वाचलं आणि आजोबा आठवले. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. लहानपणी ते आम्हाला विचारायचे, "१५५१ मध्ये ७८ मिळवले की १६२९ येतात, मग १६३० कसं?" उत्तर असं की शक बदलतो पाडव्याला आणि फाल्गुन येतो वर्षाच्या शेवटी, म्हणून तिथे ७९ मिळवायचे. तर इंग्लंडातही तेव्हा वर्ष १ जानेवारीला नाही, २५ मार्चला बदलायचं. म्हणजे मार्चच्या सुरुवातीला पाद्रीबाबाने वहीत १६४० लिहिलं असेल, तर आपल्या हिशेबाने ते १६४१. लग्नानंतर दहा महिन्यांनी पोर झालं. बिचाऱ्यांनी काहीच केलं नव्हतं!

मी समासात नम्रपणे विचारलं की ही तारीख जुन्या पद्धतीची तर नाही ना. दोन दिवसांनी उत्तर आलं, परिच्छेद काढून टाका, आभारी आहे. (मूळ नोंद काही वर्षांपूर्वी घाईत उतरवून घेतली होती म्हणे.)

आता प्रश्न. या पुस्तकाची किंमत ८५ पौंड, आपले जवळजवळ दहा हजार रुपये. पहिली छपाई तीनशेच्या आसपास. एवढ्या पैशात हे घेतं कोण? लेखकाला काय मिळतं? आणि माझी शंका यायच्या आधी हे कोणीच तपासलं नव्हतं का?

फुकटवाचक

पाद्रीबाबा 😀 जवळजवळ चारशे वर्षांनी कोथरूडमधून निर्दोष सुटका. वाचनखूण साठवली. तज्ज्ञ मंडळी येईपर्यंत बसतो.

सोलापुरी_चादर

ताई, मी उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात इतिहास शिकवतो, त्यामुळे तुमच्या धंद्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तुमच्यासारख्या कुणीतरी माझ्या पुस्तकातल्या त्रेसष्ट चुका काढल्या होत्या. तेव्हा राग आला होता, आता आधी साष्टांग नमस्कार.

विकत घेतात ग्रंथालयं. माणसं जवळजवळ नाहीच. मी स्वतः माझ्या विषयातली पुस्तकं विकत घेत नाही, ग्रंथालयाला "मागवा" म्हणून फॉर्म भरतो. मोठ्या किमतीत छोटी आवृत्ती काढायची, जगभरातल्या ग्रंथालयांना विकायची आणि दीड-दोन वर्षांनी नशीब असलं तर २५-३० पौंडांत कागदी बांधणी काढायची, असं हे गणित. ग्रंथालयांचं बजेट आटतंय, तशी छपाई कमी आणि किंमत जास्त.

लेखकाला काय मिळतं? पहिल्या पुस्तकाचा माझा वर्षाचा हिशेब आला तेव्हा त्यात घरच्यांना एकदा जेवायला नेता आलं असतं, तेही कढीखिचडीवर. इथे लेखकांची एक संस्था आहे, ती झेरॉक्स आणि स्कॅनिंगच्या परवान्यांचे पैसे गोळा करून मार्च महिन्यात वाटते. आमच्यापैकी कित्येकांना रॉयल्टीपेक्षा ते जास्त येतात. शिवाय इंडेक्स. तो लेखकाने स्वतः करायचा, नाहीतर पदरच्या पैशाने करून घ्यायचा. मी स्वतः केला. 'पॅरिश' या शब्दाखाली दोनशे पानांचे आकडे आल्यावर संसारावरचा विश्वास उडतो.

मग लिहितो कशाला? पुस्तकाशिवाय नोकरी नाही, बढती नाही. दर काही वर्षांनी सरकार विद्यापीठांच्या संशोधनाचं मूल्यमापन करतं. १९८६ पासून हे वेगवेगळ्या नावांनी चाललंय, सध्याचं नाव रेफ. चार तारे म्हणजे जागतिक दर्जाचं, आणि त्यावर विभागाला किती पैसे येतात ते ठरतं. इतिहासात जाडजूड पुस्तकाला दोन लेखांचं वजन मागता येतं. त्यामुळे आमच्याकडे "पुस्तक कुठवर आलं?" हा प्रश्न "लग्न कधी करतोयस?" याच सुरात विचारतात.

तुमचा तिसरा प्रश्न खरा दुखरा आहे. तपासलं होतं, आणि नव्हतंही. प्रकाशक हस्तलिखित दोन जाणकारांना वाचायला देतो, याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. ते युक्तिवाद बघतात, नवं काय आहे ते बघतात, लेखकाने कुणाचं काम वाचलेलं नाही ते बघतात (बहुधा त्यांचं स्वतःचंच). पण लंडनमधल्या केवच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात किंवा जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात जाऊन मूळ वही उघडून तारीख पडताळत कुणी नाही. ते शक्यही नाही. मानधन म्हणजे थोडे पैसे किंवा त्याच प्रकाशकाची चार पुस्तकं, आणि नियतकालिकाच्या लेखाला तर तेही नाही. आमचा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा आहे की तळटीप देणाऱ्याने ती वही खरंच उघडली होती.

रोखठोक

समजून घेतो. सरकार पगार देतं, तो मास्तर लिहितो. दुसरा मास्तर फुकट तपासतो. तिसरी पुण्यात स्वस्तात शुद्ध करते. मग सरकारी पैशावर चालणारं ग्रंथालय तेच पुस्तक ८५ पौंडांना विकत घेतं. वा! असा धंदा आमच्या मार्केट यार्डातसुद्धा कोणाला सुचला नसता.

सोलापुरी_चादर

रोखठोक, तुमचं म्हणणं इथल्या सरकारलाही सुचलं, म्हणून २०१२ साली फिंच समितीचा अहवाल आला. जनतेच्या पैशाचं संशोधन जनतेला मोफत मिळावं, असं त्याचं सार. आधी लेखांना ते लागू झालं. १ जानेवारी २०२४ पासून सरकारी संशोधन निधीवर लिहिलेली पुस्तकंही वर्षभराच्या आत मोफत खुली करावी लागतात.

पण मोफत म्हणजे वाचणाऱ्याला मोफत. प्रकाशक खर्च लेखकाच्या बाजूने घेतो, आणि एका पुस्तकाला तो दहा हजार पौंडांच्या घरात जातो. मोठा प्रकल्प हातात असेल तर ठीक. नुकती पीएचडी झालेली, वर्षाच्या कंत्राटावर शिकवणारी पोरगी कुठून आणणार?

आणि सगळेच प्रकाशक बकासुर नसतात. 'इंग्लिश हिस्टॉरिकल रिव्ह्यू' हे इतिहासाचं नियतकालिक १८८६ पासून निघतं. 'पास्ट अँड प्रेझेंट' १९५२ मध्ये हॉब्सबॉम, हिल, हिल्टन अशा मार्क्सवादी मंडळींनी काढलं, आज ते ऑक्सफर्डकडून छापलं जातं. त्याच्या वर्गणीतून संस्थेला जो पैसा मिळतो, त्यातून तरुण संशोधकांना शिष्यवृत्त्या जातात. एकदम सगळं फुकट केलं तर ती पोरं उघड्यावर पडतात. रॉयल हिस्टॉरिकल सोसायटी (१८६८ ची) आणि लंडनच्या इतिहास संशोधन संस्थेने मिळून नवोदितांच्या पहिल्या पुस्तकांची एक माला काढली आहे, ती मुळातच मोफत आहे आणि लेखकाकडून पैसे घेत नाही. माझ्या मते रस्ता तोच. फक्त तिथली रांग लांब आहे.

बखरकार_काका

तळटीप, तुझ्या मार्च १६४० वरून एक जुनं भांडण आठवलं. मी साताऱ्याला चौतीस वर्षं कॉलेजात शिकवलं. दर वर्षी एम.ए.च्या मुलांना हे सांगायचो आणि तेवढ्या तासाला वर्ग जागा असायचा.

१९४१ साली आर. एच. टॉनी या थोर माणसाने (जन्म कलकत्त्याचा बरं का) 'इकॉनॉमिक हिस्टरी रिव्ह्यू'मध्ये मांडलं की इंग्लंडच्या यादवी युद्धाआधीच्या शंभर वर्षांत बडे उमराव खचत गेले आणि गावोगावचे मधले जमीनदार, ज्यांना ते जेंट्री म्हणतात, ते वर आले. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या झगड्याचं मूळ त्यात. १९४८ मध्ये लॉरेन्स स्टोन नावाचा तरुण त्याच्या पुढे गेला. उमराव नुसते खचले नव्हते, तर एलिझाबेथच्या अखेरीस त्यातले बहुतेक कर्जात गळ्यापर्यंत बुडाले होते. पुरावा काय, तर सरकारदरबारी नोंदलेले कर्जरोखे. आकड्यांची बेरीज छाती दडपवणारी.

१९५१ मध्ये त्याच नियतकालिकात ह्यू ट्रेव्हर-रोपर उभा राहिला आणि त्याने रोख्यांवरच बोट ठेवलं. म्हणाला, अरे शहाण्या, रोख्यावर लिहिलेली रक्कम म्हणजे घेतलेलं कर्ज नव्हे. मुदतीत फेडलं नाही तर भरायचा तो दंड, आणि तो साधारण मूळ रकमेच्या दुप्पट लिहायची रीत होती. शिवाय काही रोखे कर्जाचे नव्हतेच, नुसते अटी पाळण्याची हमी होती. म्हणजे बेरीज कागदावर बरोबर आणि सगळी चूक! ज्याने कोर्टाची पायरी चढली आहे त्या आपल्या शेतकऱ्यालाही हे सांगावं लागलं नसतं.

पण ट्रेव्हर-रोपर तिथे थांबला नाही. १९५३ मध्ये त्याने टॉनीचाच सिद्धांत उलटा टांगला. मधले जमीनदार वर येत नव्हते, ते रखडत होते आणि त्या जळफळाटातून युद्ध झालं, असं. मग इतरांनी त्याचे पुरावे तपासले, तेही काही ठिकाणी पातळ निघाले. म्हाताऱ्या टॉनीने उत्तरात बायबलमधला दाखला दिला, आशय असा की चुकलेला सहकारी म्हणजे कत्तल करण्याजोगा अमालेकी शत्रू नव्हे. मला ते वाक्य फार आवडतं, कारण इतिहासकार आपसात अगदी तसंच वागतात. आमचे पुण्यातले धरून.

स्टोनचं मात्र कौतुक करायला पाहिजे. असा मार खाल्ल्यावर दुसरा विषय बदलून मोकळा झाला असता. हा पुन्हा दफ्तरांत शिरला, घराण्याघराण्यांची कागदपत्रं उपसली आणि १९६५ मध्ये उमरावांच्या संकटावर एक जाडजूड ग्रंथ काढला. तो आजही वाचतात. ज्या लेखाने त्याची शोभा झाली तो आता कोण वाचतो? आमच्यासारखे रिकामटेकडे.

रोखठोक

काका, गोष्ट झकास. पण एक विचारतो, राग मानू नका. त्यांच्या उमरावांची कर्जं आणि त्यांच्या खेड्यातली बारसी यांच्याशी आपल्याला काय करायचंय? आपल्याकडे मोडीचे रुमाल धूळ खात पडलेत, वाचणारे मिळत नाहीत.

बखरकार_काका

राग कसला? मुद्दा बरोबर आहे, मोडीच्या रुमालांवर वेगळा धागा काढ, मी येतो. पण संबंध नाही म्हणतोस ते चुकतंय.

आपला पहिला छापील सविस्तर इतिहास लिहिला ग्रँट डफने. साताऱ्याला तो १८१८ पासून रेसिडेंट होता. पुस्तक लिहून लंडनला गेला तर मरे नावाच्या बड्या प्रकाशकाने नाव बदलायला सांगितलं. मराठे म्हणजे कोण, हे इथे कुणाला ठाऊक? मुघलांचा ऱ्हास आणि इंग्रजांचा उदय, असं काहीतरी ठेवा म्हणजे खपेल. डफने ऐकलं नाही. १८२६ मध्ये लाँगमनने तीन खंड काढले आणि डफच्या खिशाला चांगलाच खड्डा पडला. म्हणजे तळटीपचा ८५ पौंडांचा प्रश्न दोनशे वर्षं जुना आहे, आणि पहिल्यांदा तो मराठ्यांच्या इतिहासावरूनच आला.

आणि त्यावरचं खरं परीक्षण कुठे झालं? पुण्यात. १८६७ साली नीलकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थीदशेतल्या पोराने डफच्या इतिहासावर टीकेचा निबंध वाचला, तो पुढे 'विविधज्ञानविस्तारा'त आला. कुठे डफ चुकला, कुठे बखरींची साक्ष उलटी आहे, सगळं मुद्देसूद. डफने तळटिपांत ज्या कागदांचे हवाले दिले ते गेले कुठे, हा वाद पुढे कित्येक वर्षं गाजला. राजवाड्यांनी १८९८ पासून साधनांचे खंड छापायला घेतले ते याच खुमखुमीतून. मूळ कागद आधी छापा, मग इतिहास सांगा. चादरराव ज्याला पीअर रिव्ह्यू म्हणतात तो प्रकार आपल्याकडे डेक्कन कॉलेजच्या पोरांनी कुणी न सांगता केला होता.

फुकटवाचक

काका __/\__

आता माझा नेहमीचा प्रश्न. यातलं फुकट काय वाचायला मिळतं? कायदेशीर सांगा, बेकायदेशीर मला माहीत आहे.

सोलापुरी_चादर

चिक्कार आहे. सगळ्यात आधी 'ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन'. लंडनच्या संशोधन संस्थेने २००३ मध्ये सुरू केलं. त्यात 'व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी'चे खंड सापडतील. १८९९ मध्ये काम सुरू झालं, गावागावाचा, चर्चचर्चचा, जमिनीच्या मालकीचा इतिहास. सव्वाशे वर्षं होऊन गेली, अजून संपलेलं नाही. आपलं बॉम्बे गॅझेटिअर आवडत असेल तर हे आवडेल, फक्त चिकाटी लागेल.

ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टाचे खटले, १६७४ ते १९१३, एक लाख सत्त्याण्णव हजारांवर, सगळे शोधता येतात. एका संध्याकाळी 'चीज' शब्द टाकून चोऱ्या वाचायला बसलो, पहाटे तीनला उठलो. १७०० च्या आधी छापलेली पंचवीस हजारांवर पुस्तकं अक्षरशः टाइप करून २०१५ मध्ये सगळ्यांना मोकळी केली आहेत, तीही बघा.

'ऑक्सफर्ड डिक्शनरी ऑफ नॅशनल बायोग्राफी'ला मात्र वर्गणी लागते. इंग्लंडात असाल तर गल्लीतल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्डावर घरबसल्या उघडते. भारतातून अवघड.

एक इशारा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबरहल्ला झाला. खंडणी दिली नाही, आणि मग कॅटलॉगच कित्येक आठवडे बंद. पीएचडी प्रबंध मोफत उतरवून घ्यायची त्यांची सेवाही त्यात गेली. माझी एक विद्यार्थिनी इंडिया ऑफिसच्या कागदांवर काम करत होती, तिची सहा महिने फरफट झाली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, जे मिळेल ते त्याच दिवशी स्वतःकडे उतरवून ठेवा.

तळटीप

अक्षरशः टाइप करून, हे वाचून बरं वाटलं, कारण लोकांना वाटतं मशीन करतं सगळं. ओल्ड बेलीचे जुने खटले दोन वेगवेगळ्या माणसांनी दोनदा टाइप केले आणि दोन्ही प्रती संगणकाने ताडून पाहिल्या. आमच्या धंद्यात याला डबल कीइंग म्हणतात. दोघांची चूक एकाच अक्षराला होणं कठीण. जुन्या छपाईतला लांब एस एफसारखा दिसतो, तिथे मशीन अजूनही तोंडावर पडतं.

चादरभाऊ, एक खंत सांगते, कुणावर आरोप नाही. आभारप्रदर्शनात लेखक कॉलेजचे आभार मानतात, दफ्तरखान्याच्या चहाचे मानतात, मांजराचे मानतात. मी तपासलेल्या पुस्तकांत तीन-चार ठिकाणी 'दक्ष कॉपीएडिटर' असा उल्लेख आहे, नाव एकदाही नाही. आणि छापील प्रत आम्हाला मिळत नाही. माझ्याकडे माझ्या सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ आहेत, कागदावर एकही नाही.

बखरकार_काका

चादररावांच्या त्या नॅशनल बायोग्राफीची, म्हणजे डीएनबीची, गंमत राहिली. मूळ कोश १८८५ ते १९०० मध्ये त्रेसष्ट खंडांत निघाला, पहिला संपादक लेस्ली स्टीफन, व्हर्जिनिया वुल्फचे वडील. पैसे घातले जॉर्ज स्मिथ या प्रकाशकाने. पठ्ठ्याने त्यात सपाटून तोटा खाल्ला. पण त्याच्याकडे अपोलिनारिस नावाच्या बाटलीबंद पाण्याचा धंदा होता आणि त्यात तो गडगंज झाला होता. म्हणजे इंग्रजांचा राष्ट्रीय चरित्रकोश पाणी विकून उभा राहिला. रोखठोक, तुझ्या मार्केट यार्डात सांग हे.

रोखठोक

सांगतो 😀 शब्द मागे घेतो. अर्धे.

सोलापुरी_चादर

ताई, तुमच्या खंतीवर काही बोलत नाही, कारण माझ्या पुस्तकात मीही 'कॉपीएडिटर' एवढंच लिहिलंय. नाव विचारायचं सुचलंच नाही. प्रकाशकाला आज मेल टाकली आहे. कागदी बांधणी निघणार असेल तर त्यात बदलून घेतो.

तळटीप

अहो, सुचत नाही कुणालाच. मलाही मेलमध्ये नाव घालायची परवानगी नसते, सही म्हणून प्रकल्पाचा क्रमांक असतो.

जाता जाता एक कामाचा प्रश्न. सध्या टेबलावर चूल-कराचे तक्ते आहेत. १६६२ ते १६८९, दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग, लेडी डे (२५ मार्च) आणि मायकलमसला (२९ सप्टेंबर) एकेक. पेनी-शिलिंग-पौंडाची बेरीज बारा-वीसने करायची, आणे-पैचा हिशेब ऐकलेला असल्याने तिथे अडत नाही. पण एका घराला लेखकाने सहा चुली दिल्यात आणि घरमालक लोहार. भट्टी चुलीत धरायचे का?

सोलापुरी_चादर

जिथे तिथे भांडण. कायद्यात मोठ्या भट्ट्या, चुनाभट्ट्या वगैरेंना सूट होती. लोहाराची भट्टी त्यात बसते की नाही, यावर वसुलीवाले आणि लोहार यांची जुंपायची. लेखकाला विचारा की नोंदीत पुढे काही खोडलेलं किंवा समासात लिहिलेलं आहे का. सहापैकी एक-दोन भट्ट्या असतील तर तो श्रीमंत नाही, नुसता लोहार आहे.

तळटीप

विचारलं. शंका क्रमांक २१४.